पाचवीचं कपाट: वाचनाच्या खटाटोपाच्या नोंदी

पाचवीचा वर्ग, ४१ मुलं आणि एक लोखंडी कपाट. ‘हल्लीची मुलं वाचतच नाहीत’ हे शिक्षकांच्या खोलीत मीच सगळ्यांत जास्त वेळा म्हटलं असेल. यंदा नुसतं म्हणायचं नाही, काहीतरी करून बघायचं ठरवलं. उद्या कुणी हाच उद्योग हाती घेतला तर निदान माझ्या चुका तरी त्याच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून लिहून ठेवते आहे. काही घडलं नाही त्या दिवसाची नोंद नाही.

१ जुलै

कपाटाची किल्ली शोधण्यात दीड तास गेला. शेवटी ती जुन्या हजेरीपत्रकांच्या गठ्ठ्याखाली सापडली. नोंदवहीत शेवटचं पुस्तक बाहेर गेल्याची नोंद चार वर्षांपूर्वीची. कारण सरळ आहे: पुस्तक हरवलं तर ज्याच्या ताब्यात कपाट, त्याला उत्तर द्यावं लागतं. कपाट बंद असलं की कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. आपल्याकडचे नामवंत ग्रंथपाल रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यांतलं पहिलंच ‘पुस्तकं वापरासाठी असतात’ असं आहे. आमच्या कपाटापर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

नोंदवहीप्रमाणे पुस्तकं २१४. हाताला लागली १८७. त्यांतल्या ६१ पुस्तकांना कसर लागलेली, पानं चिकटलेली, किंवा ती मोठ्यांसाठीची. एका पुस्तकाच्या आठ प्रती होत्या आणि आठही कोऱ्या करकरीत. उरली १२६.

३ जुलै

पहिली चूक. १२६ पुस्तकांचं विषयवार वर्गीकरण करत बसले. ड्युई साहेबांनी १८७६ मध्ये पुस्तकांना विषयाप्रमाणे आकडे द्यायची दशांश पद्धत काढली ती भल्यामोठ्या ग्रंथालयांसाठी. मी ती एका कपाटाला लावली. प्रत्येक पुस्तकाला आकडा, चिठ्ठी, वर पारदर्शक पट्टी. दोन दुपारी आणि एक रविवार गेला. पहिल्याच दिवशी एक मुलगा आला, कपाटाकडे बघितलं आणि म्हणाला, “बाई, भुताची कुठली?”

आकड्यांच्या चिठ्ठ्या तशाच राहिल्या, आता काढल्या तर पाठ फाटेल. त्याऐवजी सहा खोकी केली आणि नावं मुलांनीच दिली: भीतीची, हसायची, प्राण्यांची, खरी घडलेली, यंत्रांची आणि ‘पटकन संपणारी’. सहावं खोकं मला खटकलं होतं, पण सगळ्यांत आधी रिकामं होतं ते तेच.

५ जुलै

पुस्तकं उभी लावली की दिसते फक्त पाठ, आणि लहान मुलांच्या बारीक पुस्तकांना पाठच नसते. म्हणून वर्गात दोरी बांधली आणि कपडे वाळत घालतात तशी पुस्तकं चिमट्यांनी अडकवली, मुखपृष्ठं समोर. दिसायला छान. तिसऱ्या तासाला दोरी मधोमध झोळी झाली, आणि चिमट्यांच्या दातांनी चार मुखपृष्ठं फाटली. आता पुस्तक मध्यावर उघडून दोरीवर नुसतं पालथं घालतो, दोरीही दर दोन हातांवर खिळ्याला वेढलेली आहे. एका वेळी वीसच पुस्तकं लावायची, सोमवारी बदलायची. सगळी १२६ समोर मांडली तेव्हा मुलं गांगरली होती. वीसांतून निवडायला त्यांना जमतं.

८ जुलै

भिंतीवर तक्ता लावला: डावीकडे ४१ नावं, प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाला एक चांदणी, महिनाअखेर पहिल्या तिघांना बक्षीस. वर्गात एकच गलका. मधल्या सुट्टीतच अकरा पुस्तकं गेली. मी खूश.

१२ जुलै

पाच दिवसांत ६३ चांदण्या. एका मुलीच्या नावापुढे नऊ. तिला सहज विचारलं, यातलं कुठलं आवडलं? ती बावरली. नऊपैकी एकाही पुस्तकातलं काही सांगता येईना. तिचा दोष नव्हता, मी चांदणी पुस्तक परत केल्याबद्दल देत होते, तिने पुस्तकं परत केली. ‘पटकन संपणारी’ खोक्यावरून मारामारी झाली. जाड पुस्तकांना कुणी हात लावला नाही, आणि ज्यांच्या नावापुढे शून्य होतं त्यांनी तक्त्याकडे बघणंच सोडलं.

१९ जुलै

तक्ता काढला. सहकारी बाईंनी एका जुन्या प्रयोगाची आठवण करून दिली, डी.एड.ला आम्ही दोघींनी तो वाचला होता आणि मी साफ विसरले होते. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा, १९७३ चा. बालवाडीतल्या ज्या मुलांना स्केचपेननं चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल’ असं आधी सांगितलं. नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना काही न सांगता अचानक बक्षीस दिलं, त्यांची आवड मात्र टिकली.

माहीत असून केलेली चूक जास्त बोचते. तक्ता काढल्यावरच्या आठवड्यात फक्त अकरा पुस्तकं गेली. म्हणजे तक्ता लावण्याआधी जिथे होतो त्याच्याही मागे. तीन आठवडे वाया.

२४ जुलै

मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटं मी मोठ्यानं वाचून दाखवायला सुरुवात केली. माझ्या लहानपणी आवडलेलं पुस्तक घेतलं. पहिली सहा पानं नुसतं निसर्गवर्णन! लहानपणी मी ती गाळली असणार. मागच्या बाकावरचे दोघं झोपले. त्यात भर म्हणून मी प्रत्येक अवघड शब्दाला थांबत होते: “विस्तीर्ण म्हणजे काय, कोण सांगेल?” गोष्ट चालायला लागली की मीच तिला खोडा घालत होते.

२६ जुलै

पुस्तक बदललं. पहिल्या पानावरच कुणीतरी हरवतं असं. अर्थ विचारणं बंद. अगदीच अडेल असा शब्द आला तर वाचता वाचता त्याला सोपा जोडीदार द्यायचा आणि पुढे जायचं. आदल्या रात्री स्वतः एकदा मोठ्यानं वाचून बघते, पंधरा मिनिटं लागतात, पण न वाचता गेले की कुठे थांबायचं ते चुकतं.

थांबायची जागा फार महत्त्वाची. आज दाराची कडी वाजली तिथे थांबले. घंटा झाली तरी कुणी उठेना.

२९ जुलै

नवी अडचण, पण गोड. त्या पुस्तकाची प्रत एकच आणि सतरा जणांना ते आजच हवंय. मी आधी म्हटलं, मी संपवेपर्यंत कुणाला नाही. दोघांनी ते माझ्या टेबलावरून पळवून मधल्या सुट्टीत तीन प्रकरणं वाचली आणि पुढचं सगळं वर्गाला सांगून टाकलं. मला वाटलं आता संपलं. पण झालं उलटंच, पुढे काय होतं ते कळल्यावर बाकीच्यांना ते खरंच तसंच आहे का हे स्वतः बघायचं होतं.

मलपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: पुढचा नंबर कुणाचा. मुलं स्वतःच नाव लिहितात. ज्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर पाच नावं असतात ते पुस्तक न बघताच सहावा नाव लिहितो. इतकी चांगली जाहिरात मला सुचली नसती.

५ ऑगस्ट

रोज पंधरा मिनिटं सगळ्यांनी आपापलं, मनातल्या मनात वाचायचं असं सुरू केलं. मी तेवढ्यात वह्या तपासत होते. चौथ्या दिवशी पुढच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, तुम्ही का नाही वाचत?” उत्तर नव्हतं. वह्या घरी न्यायला लागले, त्यामुळे रोज रात्रीची अर्ध्या तासाची भर पडली. पण वर्गात पुस्तक धरून बसल्यावर दोन गोष्टी झाल्या: वर्ग जास्त शांत झाला, आणि मला पुस्तकाच्या वरून मुलं दिसायला लागली.

७ ऑगस्ट

दिसलं ते असं. १४ मुलं पान उलटत नाहीत. किंवा उलटतात, पण शेजाऱ्याने उलटलं की. डोळे ओळीवर फिरत नाहीत, चित्रावर थांबलेले. इतकी वर्षं मी यांना ‘वाचनाची गोडी नसलेली’ या एका पोत्यात भरत आले.

९ ते १४ ऑगस्ट

चौदाही जणांना एकेक करून व्हरांड्यात बसवलं आणि एक परिच्छेद वाचायला दिला. प्रत्येकी पाचेक मिनिटं, वर्गाला तोवर चित्रं काढायला बसवलेलं. पूर्ण आठवडा लागला. या सगळ्या खटाटोपात एवढंच काम कुणी केलं तरी चालेल, इतकं ते उपयोगी पडलं.

चौघांना वाचता उत्तम येत होतं, हातातलं पुस्तक कंटाळवाणं होतं एवढंच. खोकं बदलून दिलं, विषय संपला. एक मुलगी पुस्तक नाकाला लावून वाचत होती. तिला चष्मा लागला आणि पुढच्या महिन्यात ती वर्गातली सगळ्यांत अधाशी वाचक झाली. उरलेले नऊ जण पाचवीत असूनही अक्षर-अक्षर लावून वाचत होते. ‘प’ला काना ‘पा’, ‘ऊ’, ‘स’... मग तिन्ही मनात एकत्र करायचे, तोवर आधीचा शब्द निसटलेला. ‘सूर्य’मधला रफार कुठे बोलायचा, ‘प्रकाश’मधला ‘र’ कुठे, इथे गाडं रुतायचं. ओळ संपेपर्यंत दमछाक. याला गोडी कशी लागणार? मला जर कुणी दर पावलाला दोरी सोडवत चालायला लावलं, तर मीही फिरायला जायचं टाळेन.

नऊपैकी एक मुलगा मला आधीच ओळखून म्हणाला, “मला वाचायला आवडत नाही.” वाचता येत नाही असं म्हणण्यापेक्षा हे म्हणणं सोपं. दोन वर्षं तो हेच म्हणत होता आणि मी प्रगतिपुस्तकावर तेच लिहिलं होतं.

१९ ऑगस्ट

या नऊ जणांसाठी रोज वीस मिनिटं, शाळा भरायच्या आधी. तोच छोटा उतारा तीन-चार वेळा वाचायचा. ही नवी युक्ती नाही, वाचनाचे अभ्यासक सॅम्युएल्स यांनी १९७९ मध्ये तिच्यावर लिहिलं आहे: तोच मजकूर पुन्हा वाचला की वेग वाढतो आणि अर्थाकडे लक्ष द्यायला डोकं मोकळं होतं.

इथेही घोटाळा केला. वेग मोजायला मोबाइलवरचं घड्याळ समोर ठेवलं. दोन दिवसांत मुलं सुसाट: पूर्णविराम गिळले, जोडाक्षरं गिळली, एकाने आख्खी ओळ गिळली आणि विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघितलं. घड्याळ खिशात गेलं. आता एवढंच सांगते, मला गोष्ट सांगतोयस असं वाच. वेग वाढला की नाही ते न मोजताही कानाला कळतं.

२२ ऑगस्ट

उतारे कुठून आणायचे हा प्रश्न होता. पहिलीची पुस्तकं दिली की मुलं ती दप्तराखाली लपवतात. ‘मला आवडत नाही’ म्हणणारा मुलगा सायकल दुरुस्तीत पटाईत आहे. त्याला म्हटलं, पंक्चर कसं काढतात ते सांग. तो सांगत गेला, मी त्याच्याच शब्दांत लिहीत गेले. मग कागद त्याच्यापुढे ठेवला. “ट्यूब पाण्यात बुडवायची. बुडबुडे आले की तिथे बोट ठेवायचं.” ‘ट्यूब’मधलं ‘ट्यू’ त्याला एरवी कधीच जमलं नसतं. इथे एका दमात वाचलं, आणि वर मला सुनावलं, “बाई, तुम्ही आधी हवा भरायची विसरलात लिहायला.”

रेक्ट आणि लेस्ली यांचा १९८८ चा बेसबॉलचा प्रयोग असाच आहे. वाचनात कच्ची पण खेळ नीट माहीत असलेली मुलं, खेळाचा गंध नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा सामन्याचं वर्णन जास्त समजून घेऊ शकली. आम्ही मात्र कच्च्या वाचकाला नेमकी त्याला काहीच माहीत नसलेली गोष्ट देतो, ती ‘सोपी’ आहे म्हणून.

नऊ जणांचे नऊ कागद झाले. शिवून पुस्तिका केली. दोरीवर लावली. तिच्या चिठ्ठीवर बारा नावं.

२८ ऑगस्ट

या नऊ जणांना पहिलीच्या मुलांना वाचून दाखवायला पाठवलं. सोपी पुस्तकं हातात धरायला आता कारण मिळालं, लपवायची गरज नाही. पण पहिला दिवस फसला. आमच्या मुलांनी छोट्यांना रांगेत बसवलं, हातात पट्टी घेतली आणि दर पानाला, “काय कळलं? तू सांग! लक्ष कुठंय?” अर्धी पहिली पळाली. ही मुलं कुणाची नक्कल करत होती ते सांगायला नको. तो दिवस मला पुष्कळ दिवस टोचत राहिला.

नियम केला: एकही प्रश्न विचारायचा नाही. मांडीला मांडी लावून बसायचं, पान छोट्यानं उलटायचं. त्यासाठी आदल्या दिवशी प्रत्येकजण आपलं पुस्तक चार-पाच वेळा वाचून तयारी करतो, मी न सांगता.

९ सप्टेंबर

पालकसभा. मी उत्साहात सांगितलं, रोज वीस मिनिटं मुलांकडून वाचून घ्या. पंधरा दिवसांत तक्रारी: रडारड, ओरडाआरड, ‘आधी वाच मग टीव्ही’. म्हणजे घरीही वाचन टीव्हीआधीची शिक्षा झालं. एका मुलाच्या आजी सभेनंतर थांबल्या होत्या. म्हणाल्या, “मला अक्षर येत नाही, मी कसं वाचून घेऊ?” मी पटकन म्हटलं, “तुम्ही नुसतं ऐका.” ते उत्तर मी सगळ्यांनाच द्यायला हवं होतं.

२४ सप्टेंबरला घरी चिठ्ठी पाठवली: वाचायला लावू नका. चूक काढू नका. मूल वाचत असेल तर हातातलं काम करत ऐका. त्याचा मूड नसेल तर त्याच्याकडून ऐकलेली गोष्ट सांगून घ्या. त्या आजींचा नातू नंतर सांगत होता, आजी म्हणते पुस्तकात गोष्ट चुकीची छापली आहे, तिला दुसरी माहीत आहे. तिची त्याने वहीत लिहून आणली. दोन पानं, शुद्धलेखनाच्या ढीगभर चुका. मी लाल पेन उचललं नाही, याचा मला अजून अभिमान आहे.

३ ऑक्टोबर

वरून सूचना आली: उपक्रमाचा पुरावा हवा, प्रत्येक मुलाने पुस्तक-परिचय लिहावा, फाइल करावी. करून घेतले. ३८ आले, त्यांतले १७ मलपृष्ठावरून जसेच्या तसे. त्या आठवड्यात पुस्तकं निम्म्यानं कमी गेली. एक मुलगी पुस्तक परत ठेवताना म्हणाली, “हे घेतलं तर लिहावं लागेल ना?”

फाइल एकदाची भरली, प्रकरण मिटलं. त्याजागी पुस्तकाच्या मागच्या चिठ्ठीत दुसरा रकाना केला: ‘हे कुणी वाचावं?’ हवं तर लिहा, नको तर नको. एक नमुना: “ज्याला भाऊ आहे आणि तो त्रास देतो त्याने.” त्या पुस्तकाला तीन दिवसांत सात नावं आली.

१० ऑक्टोबर

पुस्तक अर्धवट सोडायची परवानगी जाहीर केली. दहा पानं वाचा, नाही पटलं तर परत. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी सगळंच सोडलं. परवानगी खरी आहे का हे तपासत होते बहुतेक. मी काही बोलले नाही, फार कठीण गेलं. तिसऱ्या आठवड्यात सोडणं कमी झालं, आणि एरवी जाड म्हणून बाजूला राहणारी पुस्तकं हलायला लागली.

चित्रकथा चालतील का यावर सहकाऱ्यांशी दोन वेळा वाद झाला. चालतात.

२१ ऑक्टोबर

हिशेब: हरवली ११, त्यांतली ७ परत आली. दोन एका मुलीच्या धाकट्या भावाच्या उशीखाली होती. फाटलेली २३. पारदर्शक पट्टीनं चिकटवलेली पानं पिवळी पडून चिकट झाली आणि शेजारच्या पानाला धरून बसली. मग कणकेची खळ केली. पंधरा दिवसांत झुरळं हजर. आता पातळ कागदाची पट्टी आणि पांढरा गोंद, रात्रभर वजनाखाली. दर शुक्रवारी चार मुलं हे काम करतात. दुरुस्तीला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय ती पुढे देत नाहीत, त्यामुळे कामाला दुप्पट वेळ लागतो.

१४ नोव्हेंबर

नऊपैकी सहा जण आता आपणहून पुस्तक घेतात. तिघांना अजून रोजची वीस मिनिटं लागतात, त्यातल्या एकाला बहुधा माझ्यापेक्षा जास्त जाणत्या माणसाची मदत लागेल. त्याच्या घरच्यांशी बोलले. उरलेल्या वर्गात चौघं अशी आहेत ज्यांना वाचता येतं, पुस्तकं समोर आहेत, आणि तरी त्यांना मैदानच हवं. त्यांना सोडून दिलं आहे. सायकलवाला सध्या मोठ्या इंजिनांच्या पुस्तकात अडकलाय, तिसऱ्यांदा तेच.

२ डिसेंबर

भीतीचं खोकं पूर्ण रिकामं. शेजारच्या वर्गाच्या कपाटातली पुस्तकं उसनी मिळतील का विचारलं. त्यांच्या कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणे. उद्या मधल्या सुट्टीत जुन्या हजेरीपत्रकांचे गठ्ठे बघायचे. गोंद संपलाय, शुक्रवारच्या आत आणायचा.